शिवण

टीव्हीवाली मुलगी माइक पुढे करून विचारते,
इतकी राष्ट्रगीतं वाजवता तुम्ही,
सगळ्यात जास्त काटा कुठल्यानं येतो?
मी म्हणतो, अर्जेंटिना.
त्यांचे लोक शब्द सुरू व्हायच्या आधीच
नुसत्या बाजावर ओ ओ करत सुटतात.
ती खूश. मीही सुटलो.

खरं तर मला काटा येऊन चालत नाही.
उजवा हात फेडरवर,
डोळे हिरव्या-पिवळ्या दिव्यांवर. लाल लागला
की अब्बास कानात ओरडतो, मोरी! मोरी!
मोरेश्वरचं त्यानं मोरी केलं त्याला बारा वर्षं झाली.
मोरी म्हणजे काय हे मी त्याला सांगितलेलं नाही.

रिफातल्या या हॉलमध्ये हँडबॉल खेळायला
देशोदेशीची पोरसवदा पोरं येतात.
उरुग्वेचं एवढं लांब, की मधेच कापावं लागतं.
आइसलँडचं इतकं वर चढतं
की त्यांचीच पोरं गप्प होऊन बुटांकडे बघतात.
स्पेनच्या गाण्याला शब्दच नाहीत.
बरंय, चुकायला काही ठेवलंच नाही.
जपानचं सुरू झालं
की पहिल्यांदा एसीचा आवाज ऐकू येतो.

आदल्या रात्री सगळी तपासायची, प्रत्येकी आठ सेकंद.
चार हजार रिकाम्या खुर्च्या.
वरच्या पॅसेजमध्ये हर्कबहादुर फरशी पुसतोय.
बाहेर बारा वाजून गेले तरी हवा
न पिळलेल्या टॉवेलसारखी.
इजिप्त आठ सेकंद. ब्राझील आठ सेकंद.
भारत लागलं की तो थांबतो, मॉप उभा धरून,
शेजाऱ्याची अंत्ययात्रा दारावरून जाताना थांबावं तसा.
मग खाली वाकून म्हणाला,
साब, नेपाल?

नेपाळ यादीत नव्हतं.
थांब, म्हटलं, फोनवरून लावतो.
पुराना वाला, तो म्हणाला. राजा वाला.
तो इथे आला दोन हजार तीनमध्ये.
तिकडे गीत बदललं तेव्हा हा मनामात
कुणाच्या तरी बँकेच्या काचा पुसत होता.

लावलं. पूर्ण आवाजात.
तो ताठ झाला. ओठ हलले, एक ओळ, दुसरी,
तिसरीला अडकले.
भूल गया, म्हणाला, आणि हसला,
हसताना मॉप हातातून निसटला.
मग मी नवं लावलं.
तेही त्यानं शेवटपर्यंत उभ्यानं ऐकलं,
नव्या सुनेच्या हातचं पहिलं जेवण जेवतात तसं,
मान हलवत, काही न बोलता.
विचारणार होतो, कुठल्यानं काटा आला?
तोवर बादली जिन्यात वाजायला लागली होती.

शाळेत कुलथे सर सांगायचे, सावधान म्हणजे
अंगठा पँटच्या शिवणीवर.
माझी पँट मोठ्या भावाची, आत घेतलेली,
शिवण सरकून मांडीवर आलेली.
मी इमानदारीत अंगठा तिथे नेला.
सर ओरडले, हात सरळ!
देश एकीकडे, शिवण एकीकडे,
आणि मधे मी, सहावी ब.

दुसऱ्या दिवशी आपला सामना, इजिप्तशी.
आपलं लागलं. पोरं खांद्यावर हात टाकून,
शेवटचा बुटका टाचा उचलून.
माझा उजवा हात फेडरवर.
डावा आपोआप खाली गेला,
कंपनीच्या काळ्या पँटला शिवण सापडली,
जिथे असायला हवी तिथेच.
बावन्न सेकंद.

आपल्या फाइलीत शेवटचा सूर विरला की
कुणीतरी खोकतं.
बँडमधलाच असेल कुणी, कधीचा, कुठला,
आज असेल की नसेल.
दर वेळी मी त्याच्या आधी फेडर खाली ओढतो.
बारा वर्षांत तो कुणाला ऐकू गेलेला नाही.

त्या दिवशी नाही ओढला.
हॉलभर खोकला.
मोरी! अब्बास कानात.
वर पॅसेजमध्ये हर्कबहादुरनं मान उचलली.
सामना आपण एकोणीस गोलांनी हरलो.